गोवा भारतात आला कधी, १९६१ की १९७४?

प्रश्न: आजीच्या पत्र्याच्या पेटीत तिचा पोर्तुगीजमधला जन्मदाखला सापडला आणि सोबत १९५९ सालचं ६ एस्कुदोचं (तेव्हाचं पोर्तुगीज चलन) नाणं. ते बघून ऑफिसातला एक मित्र म्हणाला की १९६१ वगैरे भाषणापुरतं, गोवा कायद्याने भारताचा झाला १९७४ ला, पोर्तुगालने सही केली तेव्हा. मग मधली तेरा वर्षं आपण कोणाचे? आजीला विचारलं तर म्हणते, "पाकले (म्हणजे पोर्तुगीज) गेले ते मी बघितलंय, त्याने काय बघितलंय?"
- एक वाचक, डिचोली

उत्तर: आजींना पैकीच्या पैकी! मित्राने सांगितलेली सही मात्र खोटी नाही. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा भारतीय सैन्याला शरण आले, मग १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण, दीव केंद्रशासित प्रदेश झाले, तेही मागल्या तारखेने म्हणजे २० डिसेंबर १९६१ पासून. लिस्बनमध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार काही ऐकायला तयार नव्हते, त्यांच्या हिशेबी आपण 'व्यापलेला प्रांत'. एप्रिल १९७४ मध्ये तिथली हुकूमशाही पडली, नवं सरकार आलं आणि ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. आता गंमत बघा, त्या करारात पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते सहीच्या दिवसापासून नाही, तर भारतीय घटनेप्रमाणे हे प्रदेश भारतात आले त्या तारखांपासून! म्हणजे मित्र ज्या कागदावर उड्या मारतोय तोच कागद आजींच्या बाजूने साक्ष देतो.

पाँडिचेरीचं प्रकरण याच्या उलट, फ्रेंचांनी १ नोव्हेंबर १९५४ ला कारभार सोडला, १९५६ ला करार झाला आणि त्यांच्या संसदेची मंजुरी येईपर्यंत १९६२ उजाडलं, तिथे देणाऱ्याने स्वतः दिलं म्हणून कागदाला महत्त्व. मकाव पोर्तुगालने १९८७ च्या करारानुसार चीनला दिलं तेही २० डिसेंबरलाच, १९९९ च्या. योगायोग, दुसरं काय.

आणि तेरा वर्षं कोणाचे म्हणजे? १९६२ च्या आदेशाने इथल्या लोकांना भारतीय नागरिकत्व मिळालं होतं, १९६३ ला विधानसभेची निवडणूक झाली, १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं का यावर जनमत कौल झाला, हे सगळं आपण काय पोर्तुगालसाठी केलं? हां, कायदे मात्र एका रात्रीत गेले नाहीत, १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा लग्नाला अजून लागतो, वारसाहक्काला तर २०१६ पर्यंत लागायचा, म्हणून घरात भाटाची (बागायतीची) वाटणी निघाली की तेच जुने पोर्तुगीज कागद शोधत फिरावं लागतं. तेव्हा तो दाखला लॅमिनेट करू नका, साध्या कागदी पाकिटात ठेवा.

नाण्याचं विचारलं नाहीत पण सांगतोच. ६ हा आकडा विचित्र वाटतो ना? १९५९ ला पोर्तुगीजांनी इथलं जुनं चलन रुपिया बंद करून एस्कुदो आणला तेव्हा एका रुपियेचे ६ एस्कुदो धरले, म्हणून ३ नि ६ ची नाणी. आजींच्या हातात ते नाणं म्हणजे सरळ एक रुपिया. चिंच लावून घासू नका तेवढं.