धंदा कुणाच्या नावावर?

या वेळच्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून आला आहे: प्रोप्रायटरी (एकट्याची मालकी), भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) की प्रायव्हेट लिमिटेड? लेटरहेडवर काय शोभतं यापेक्षा आम्ही दुसरीच गोष्ट आधी पाहिली. धंदा बसला, भागीदार सोडून गेला किंवा माणूसच गेला, तर वसुलीला कोण कुणाच्या दारात येईल? उत्तरं त्याच नजरेनं दिली आहेत.

प्रश्न : मी आणि माझा मित्र चाकणजवळ २५ लाखांचं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग) मशीन घेऊन जॉबवर्क सुरू करतोय. दोघांचे ५-५ लाख आणि २० लाख बँकेचं कर्ज. मित्र पूर्ण वेळ काम बघेल, मी नोकरी सांभाळून. गाळा माझ्या वडिलांच्या नावावर, एमआयडीसीत आहे. सीए भागीदारी सुचवतात. ओळखीचे एक साहेब म्हणतात, प्रा. लि. असल्याशिवाय व्हेंडर कोड (मोठ्या कंपनीकडे पुरवठादार म्हणून नोंद) मिळत नाही.

व्हेंडर कोडचं सरसकट खरं नाही, भागीदारी फर्मलाही अनेक कंपन्या तो देतात. ज्या कंपनीचं काम धरायचं आहे, तिच्या परचेस खात्याकडून कागदपत्रांची यादी लेखी मागून घ्या आणि मगच ठरवा.

'लिमिटेड'ची भुरळ ज्यासाठी पडते, ते संरक्षण, म्हणजे धंद्याचं देणं मालकाच्या घरावर न येणं, हेही आधी तपासून घ्या. एवढ्या लहान कर्जदाराला बँक प्रा. लि. म्हणून कर्ज देईल, पण सोबत संचालकांची वैयक्तिक हमी लिहून घेईल. म्हणजे ते २० लाख कोणत्याही स्वरूपात तुमच्या अंगावरच राहणार. वेगळेपणाचा फायदा उरतो तो बाकीच्या देण्यांपुरता : माल नाकारल्यामुळे निघालेली डेबिट नोट (बिलातली वजावट), टूलिंगवाल्याची उधारी, मित्रानं तुम्हाला न विचारता घेतलेला माल.

तुमच्या बाबतीत नेमका हाच भाग जड आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. धंद्याच्या ओघात मित्रानं केलेली सही तुम्हाला बांधते. शॉपफ्लोअरवर रोज तो असणार. पगाराचं खातं आणि फ्लॅट मात्र तुमच्या नावावर. वसुली करणारा आधी तुमच्याकडेच वळेल. म्हणून सीएंच्या सल्ल्यापेक्षा आम्ही एक पाऊल पुढे जाऊ : एलएलपी करा, तिथे मित्रानं धंद्यासाठी केलेलं देणं तुमच्या घरापर्यंत येत नाही. दोघंही पूर्ण वेळ धंद्यात असता, तर नोंदणी केलेली साधी भागीदारी पुरेशी होती.

कराच्या बाबतीत फर्म आणि एलएलपी सारख्याच : नफ्यावर ३० टक्के आणि सेस धरून ३१.२. त्याआधी भांडवलावर जास्तीत जास्त १२ टक्के व्याज आणि काम करणाऱ्या भागीदाराचा मोबदला वजा होतो. मोबदल्याची मर्यादा अशी : पहिल्या ६ लाख नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख, यांतलं जे जास्त असेल ते, त्यावरच्या नफ्यावर ६० टक्के. समजा व्याज वजा जाऊन १० लाख नफा झाला, तर ५.४० आणि २.४० मिळून ७.८० लाखांपर्यंत मोबदला चालतो. मित्राला महिना ५०,००० दिले तर वर्षाचे ६ लाख गेले. उरलेल्या ४ लाखांवर एलएलपी १,२४,८०० रुपये कर भरेल, आणि शिल्लक वाटून घेताना ती तुमच्या हातात करमुक्त असेल. तुम्ही स्वतः 'पगार' घेऊ नका. रोज काम न करणाऱ्या भागीदाराचा पगार करात मान्य होत नाही आणि त्या रकमेवर एलएलपीला कर बसतो. तुमचा वाटा व्याज आणि नफा. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २०,००० च्या वर मोबदला किंवा व्याज दिलं, अगदी नुसतं खात्यात जमा दाखवलं, तरी १० टक्के टीडीएस कापावा लागतो. त्यासाठी टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) आधीच काढून ठेवा.

प्रा. लि.ला २२ टक्क्यांचा पर्याय निवडला तर सरचार्ज-सेससह २५.१६८ टक्के पडतात, पण तो नफा लाभांश म्हणून घरी न्यायचा म्हटलं की तुमच्या हातात पुन्हा कर. नफा आतच ठेवून दुसरं-तिसरं मशीन घ्यायचं असेल किंवा बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा असेल, तेव्हा कंपनीचं गणित जुळतं. तिथे उलाढाल शून्य असली तरी ऑडिट चुकत नाही. एलएलपीला उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं तरच ते लागतं. बाकी एलएलपीचे वार्षिक कागद दोन : फॉर्म ११ हा ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ हा ३० ऑक्टोबरपर्यंत.

घोळ होतो तो करारनाम्यात. नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत तो फॉर्म ३ सोबत भरावा लागतो. घाईत कुठला तरी नमुना उतरवून, त्यात नावं घालून लोक मोकळे होतात. करारात एखादी गोष्ट लिहिली नसेल तर कायद्याचे ठरीव नियम लागू होतात : नफा सारखा वाटायचा, कामाचा मोबदला कुणालाच नाही. मित्राच्या दृष्टीनं हे चालणारच नाही. म्हणून मोबदल्याची रक्कम किंवा ती काढण्याची रीत करारातच हवी. एक लाखाच्या वरची खरेदी आणि कोणतंही कर्ज दोघांच्या सहीनं, हे लिहा. भागीदार वारला तर वारसांना पैसे मिळतील, जागा नाही, हेही लिहा. सोडून जाणाऱ्याच्या वाट्याची किंमत कशी काढायची हे तर सर्वांत आधी लिहा. १५ टक्के घसाऱ्यानं २५ लाखांचं मशीन चार वर्षांनी हिशेबात सुमारे १३ लाखांचं उरतं. बाजारभाव वेगळाच असतो. जाणारा बाजारभाव धरतो, राहणारा पुस्तकी किंमत दाखवतो, आणि इथून कोर्टाची पायरी लांब नाही. 'दोघांना मान्य मूल्यनिर्धारकाकडून, नोटीस दिलेल्या महिन्याच्या अखेरची किंमत, बारा हप्त्यांत' इतकं नेमकं लिहा.

गाळा भांडवल म्हणून आणू नका. महाराष्ट्रात स्थावर मिळकत भागीदारीत आणली की खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागतं, शिवाय भांडवली नफ्याचा प्रश्न उभा राहतो. वडिलांनी एलएलपीला नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर तो द्यावा, आणि त्याआधी एमआयडीसीची परवानगी घ्यावी. जाता जाता, तुमचं नियुक्तिपत्रही काढून वाचा. दुसरा व्यवसाय करायला मनाई असेल तर सारं ठरल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

प्रश्न : सांगलीत घरून मसाले करून विकते. वर्षाची विक्री ९ लाख. एकटीसाठी ओपीसी (एका व्यक्तीची कंपनी) काढावी का? नावही सुरक्षित राहील असं ऐकलंय.

आत्ता नको. ओपीसी ही कंपनीच असते. ऑडिट, वार्षिक विवरणं, वारसदाखल एका नॉमिनीची लेखी संमती, हे सगळं आलंच. आणि कर पहिल्या रुपयापासून. प्रोप्रायटर म्हणून नव्या करप्रणालीत वर्षाच्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुम्हाला कर पडत नाही.

प्रोप्रायटरीला वेगळी नोंदणीच नसते, त्यामुळे चालू खात्यासाठी बँक धंद्याचे दोन पुरावे मागते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि शॉप अॅक्टची पावती दिली की सहसा भागतं. उद्यम सरकारी पोर्टलवर मोफत होते, तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. अन्नसुरक्षेची नोंदणी ज्या स्वयंपाकघरात मसाला कुटला जातो त्या पत्त्यावर हवी.

नावाचं म्हणाल तर शॉप अॅक्टनं ते राखलं जात नाही आणि कंपनी काढल्यानंही मसाल्याच्या पाकिटावरचा ब्रँड आपोआप तुमचा होत नाही. त्यासाठी ट्रेडमार्क. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी एका वर्गाचे ४,५०० रुपये. ओपीसीवर खर्च करणार होतात ते पैसे इथे लावा.

प्रश्न : लातूरला वडिलांच्या नावानं किराणा दुकान होतं. ते दोन महिन्यांपूर्वी वारले, मृत्युपत्र नाही. मी दुकान चालवतो. घरात आई, धाकटा भाऊ (जिल्हा परिषद शाळेत शिक्षक) आणि विवाहित बहीण आहे. दोघा भावांची भागीदारी करावी म्हणतोय.

भावाला भागीदार करता येणार नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वर्तणूक नियमांनुसार धंदा करता येत नाही. नाव कागदावर आलं की त्याची नोकरी अडचणीत.

दुकान तुमच्या प्रोप्रायटरीत घ्या किंवा आईला भागीदार करा. पण त्याआधी मालावरचा हक्क मिटवा. वडिलांचं स्वकष्टार्जित दुकान तुम्हा चौघांचं, सारख्या वाट्यानं. बहिणीचं लग्न झालं म्हणून तिचा हिस्सा जात नाही. देणी वजा जाता १२ लाखांचा माल निघाला, तर प्रत्येकाचे ३ लाख. बाकीच्यांनी वाटा सोडला तर तसा लेखी दस्त करा. दुकानाची जागाही त्यात असेल तर हक्कसोडपत्र नोंदवावंच लागेल. वाटा सोडायचा नसेल तर तो तुमच्या वहीत त्यांचं कर्ज म्हणून दाखवा आणि परतफेड बँकेतूनच करा, रोख नको. भावाला एवढं चालतं. तो कर्ज देणारा आहे, धंदा करणारा नाही.

जीएसटी नंबर वडिलांच्या पॅनवर होता, तो पुढे वापरू नका. दोन महिने त्याच नंबरवर बिलं फाडली असतील तर आजच थांबवा. वारसानं स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यायची आणि अर्जात मालकाचा मृत्यू हे कारण निवडायचं. यासाठी ३० दिवसांची मुदत होती, ती उलटली आहे. आता दिवस काढू नका. मग शिल्लक क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेला कर) आयटीसी-०२ फॉर्मनं नव्या नंबरावर आणायचं, आणि ते आल्यावर जुना नंबर रद्द करायचा. क्रम उलटा झाला की क्रेडिट अडकतं.

प्रश्न : इचलकरंजीत आमची सुताच्या व्यापाराची भागीदारी फर्म आहे, डीड आहे पण फर्म नोंदवलेली नाही. एका पार्टीकडे ४ लाख अडकलेत. दावा लावता येईल?

आज लावला तर टिकणार नाही. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या पार्टीवर दावा करता येत नाही. ती पार्टी मात्र तुमच्यावर करू शकते. आधी निबंधक, भागीदारी संस्था यांच्याकडे फर्म नोंदवा. सध्याच्या सगळ्या भागीदारांची नावं तिथल्या नोंदवहीत चढली की मग दावा. दावा लावून मागाहून केलेली नोंदणी त्या दाव्याला उपयोगी पडत नाही.

घाई मुदतीची करा. उधारीची तारीख उलटल्यापासून ३ वर्षं मिळतात. मुदत संपत आली असेल तर पार्टीकडून बाकी मान्य असल्याचं तारखेसह, सहीनिशी पत्र घ्या. त्या तारखेपासून ३ वर्षं नव्यानं मोजली जातात. उद्यम नोंदणीवर सरकारच्या एमएसएमई समाधानकडे (लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांचं पोर्टल) जाण्याचा मार्ग मात्र तुम्हाला नाही, तो उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, व्यापाऱ्यांसाठी नाही.

प्रश्न : ठाण्यात तीन वर्षांपूर्वी मित्रांसोबत प्रा. लि. काढली, काम सुरूच झालं नाही. तशीच सोडून दिली तर?

सोडून देता येत नाही. ताळेबंद आणि वार्षिक विवरण थकलं की प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये विलंब शुल्क चढतं, वरची मर्यादा नाही. सलग ३ वर्षं विवरणं न भरल्यास संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतो, आणि मग तुमची दुसरी, चालू असलेली कंपनीही अडचणीत येते. थकीत विवरणं भरा, बँक खातं बंद करा, देणी शून्य करा आणि एसटीके-२ फॉर्मनं कंपनीचं नाव नोंदवहीतून काढण्याचा अर्ज करा. त्याची फी १०,००० रुपये. त्यासोबत संचालकांना हमीपत्र द्यावं लागतं : पुढे कंपनीचं देणं निघालं तर ते आम्ही भरू.