गप्प बसलेला ज्युरर: वाचकांचे प्रश्न

क्लिंट ईस्टवूड यांच्या 'ज्युरर नंबर टू' (२०२४) या चित्रपटाबद्दल मतं आणि प्रश्न पाठवा, असं आम्ही म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बरीचशी हिरिरीने लिहिलेली आहेत. कोणी नायकावर चिडलंय, कोणी त्याच्या बाजूने वकिली करतंय. उत्तरांत शेवट उघड झाला आहे. चित्रपट पाहायचा राहिला असेल तर हे पान नंतर वाचा.

गोष्ट अशी. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं सव्हाना शहर. जस्टिन केम्प हा पत्रकार, दारू सोडलेला. बायकोचे दिवस भरत आलेत आणि बाळंतपण जोखमीचं आहे. खुनाच्या एका खटल्यात त्याची ज्युरीवर, म्हणजे दोषी की नाही हे ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत, निवड होते. जेम्स साइथने प्रेयसी केंडल कार्टरला भांडणानंतर मारून पुलाखाली टाकलं, असा आरोप आहे. सरकारी वकील फेथ किलब्रू यांचं सुरुवातीचं भाषण ऐकता ऐकता जस्टिनच्या अंगावर काटा येतो. त्या पावसाळी रात्री, त्याच रस्त्यावर, त्याच्या गाडीवर काहीतरी आदळलं होतं. आजवर तो ते हरीण समजत होता. तरी तो गप्प राहतो. शेवटी ज्युरी, जस्टिनसकट, साइथला दोषी ठरवते आणि त्याला जन्मठेप होते.

प्रश्न (कोथरूड): निवडीच्या वेळी एवढे प्रश्न विचारतात, मग हा माणूस चाळणीतून सुटला कसा?

कारण तेव्हा त्याला स्वतःलाच काही माहीत नव्हतं. त्या प्रश्नोत्तरांत आरोपी, साक्षीदार, वकील यांच्याशी ओळख आहे का, बातम्या वाचून मत बनलंय का, निष्पक्ष राहाल का, एवढंच विचारतात. 'त्या रात्री त्या रस्त्याने गेला होतात का?' असं कोणी विचारत नाही. पक्षपाताचं ठोस कारण दाखवून कितीही जणांना वगळता येतं. त्याशिवाय कारण न देता वगळायची मुभा जॉर्जियात गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात दोन्ही बाजूंना प्रत्येकी ९ जणांची असते. जस्टिनला वगळावं असं कोणालाच वाटलं नाही. निवडीच्या दिवशी तो खरं बोलला. खोटं सुरू झालं ते नंतर.

प्रश्न (सदाशिव पेठ): आमच्या घरी यावरून दोन तट पडले आहेत. मुलगी म्हणते, त्याने सरळ न्यायाधीशांकडे जाऊन 'मला मोकळं करा' म्हणायचं होतं. यजमान म्हणतात, मग साइथचं काय? दोघांत बरोबर कोण?

यजमानांचा मुद्दा जास्त खोल जातो, पण मुलीने सुचवलेली वाटही पूर्ण पाहायला हवी.

ज्युररला खटल्याशी आपला वैयक्तिक संबंध आहे असं मध्येच लक्षात आलं, तर त्याने कोर्टाच्या कर्मचाऱ्यामार्फत न्यायाधीशांना चिठ्ठी द्यायची असते. न्यायाधीश वकिलांना बोलावून, इतर ज्युररना न ऐकवता, चौकशी करतात. ज्युररला काढलं तर राखीव ज्युरर त्याच्या जागी बसतो आणि खटला पुढे चालतो. म्हणजे जस्टिनची खुर्ची रिकामी झाली असती, साइथचा फास तसाच राहिला असता. शिवाय नव्या बारा जणांत साइथबद्दल शंका घेणारा कोणी असताच असं नाही. मतदानाच्या पहिल्या फेरीत बाकी सगळे 'दोषी' म्हणत असताना थांबवणारा एकटा जस्टिनच होता, हे आठवा.

तिसरी वाट चित्रपटात फक्त चाटून जाते आणि तीच महत्त्वाची होती. स्वतःचा वकील करायचा आणि त्याच्यामार्फत सरकारी पक्षाशी आधी अटी ठरवून मग तोंड उघडायचं. अमेरिकी राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती आणि आपल्याकडचा अनुच्छेद २०(३) सांगतात की कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण गप्प राहण्याचा हक्क वेगळा आणि दुसऱ्याला दोषी ठरवायच्या मतदानात हात वर करणं वेगळं. बचाव फक्त पहिल्याला आहे.

जस्टिनचा वकीलमित्र त्याला घाबरवतो ते यावरून, की पूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद असलेल्या माणसाने 'मी प्यायलो नव्हतो' म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? त्या रात्री तो बारमध्ये बसला होता, पेला समोर होता, पण त्याने तो तोंडाला लावला नाही. ही भीती खोटी नाही. जॉर्जियात नशेत किंवा बेदरकारपणे गाडी चालवून मृत्यू घडवला तर ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. नशा नाही, बेदरकारपणा नाही, साधी वाहतुकीची चूक असेल तर तो किरकोळ वर्गातला गुन्हा ठरतो आणि कैद फार तर एक वर्षाची. धडक दिली हेच माहीत नसेल, तर 'पळून गेला' हा आरोपही टिकत नाही, कारण त्यासाठी चालकाला जाणीव असावी लागते. पंधरा वर्षं आणि एक वर्ष यांच्यामधलं सगळं अंतर एका रक्ताच्या नमुन्यावर अवलंबून होतं, आणि तो नमुना कधी घेतलाच गेला नाही.

प्रश्न (बिबवेवाडी): त्याने 'दोषी नाही' यावर अडून बसायचं होतं. एकमत झालं नाही की आरोपी सुटतो ना?

नाही, हा गैरसमज बऱ्याच पत्रांत आहे. एकमत झालं नाही तर तो खटला निष्फळ ठरतो आणि सरकार नव्या ज्युरीपुढे पुन्हा उभं राहू शकतं. १८२४ पासून अमेरिकेत हाच नियम आहे. साइथ तोवर कोठडीत राहिला असता आणि दुसऱ्या खेपेला जस्टिन तिथे नसता.

प्रश्न (हडपसर): मी वैद्यकीय क्षेत्रात आहे. माणूस आणि हरीण यांतला फरक गाडी चालवणाऱ्याला कळणार नाही, हे पटत नाही. आणि शवविच्छेदनात तरी कळायला नको?

चालकाच्या बाबतीत आम्ही चित्रपटाच्या बाजूने आहोत. रात्र, मुसळधार पाऊस, वळण, क्षणभराचा धक्का. तो उतरून पाहतो, रस्त्यावर काही नाही, बाजूला हरणांची पाटी. धडकलेली व्यक्ती कठड्यापलीकडे खाली गेलेली असेल तर रस्त्यावरून दिसणारच नाही. तरी त्याने एक गोष्ट केली नाही: गाडीचा पुढचा भाग नीट पाहिला नाही. हरीण धडकलं की जाळीत, बंपरच्या फटीत, तुटलेल्या दिव्याच्या कडेला केस अडकतात. माणूस धडकला तर कापडाचा धागा, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा. पावसाने बरंच धुऊन जातं, पण फटीतलं सहसा राहतं.

तुमचा खरा आक्षेप शवविच्छेदनावर आहे आणि तो रास्त आहे. उभ्या माणसाला गाडीने उडवलं की पहिली इजा बहुधा पायाला, बंपरच्या उंचीवर होते. म्हणून टाचेपासून जखमेपर्यंतचं अंतर मोजून लिहायचं असतं. ब्रेक दाबलेला असेल तर गाडीचं नाक खाली झुकतं आणि जखम थोडी खाली येते. नडगीच्या हाडाचा पाचरीसारखा तुकडा निघाला असेल तर त्याचं टोक सहसा गाडी ज्या दिशेला चालली होती तिकडे असतं. बोनेटवर आपटून दुसरी इजा, जमिनीवर पडून तिसरी. डोक्यावर आणि धडावर बोथट मार दिसतोय म्हणून 'हत्याराने मारलं' एवढंच लिहून थांबलं, आणि पायाची कातडी चिरून आत पाहिलंच नाही, की घोटाळा झाला. चित्रपटात हे प्रथम लक्षात येतं ते ज्युरीतल्या वैद्यकीय विद्यार्थिनीला. तोवर पोलिसांना आरोपी सापडलेला असतो, त्यामुळे दुसरं काही शोधायची कोणाला गरजच वाटलेली नसते. आम्हाला चित्रपटाचा सर्वांत सच्चा भाग हाच वाटतो. इथे दुष्ट कोणीच नाही. प्रत्येकाने आपापलं काम नव्वद टक्के केलंय आणि उरलेल्या दहा टक्क्यांत एक माणूस जन्मठेपेला गेलाय.

प्रश्न (औंध): निवृत्त डिटेक्टिव्ह हॅरल्डने स्वतः तपास केला म्हणून त्याला ज्युरीतून काढलं. खरं काम करणारा तोच एक होता! हा कुठला न्याय?

राग समजतो, पण नियमामागे कारण आहे. ज्युरर जे बाहेरून आणतो त्यावर उलटतपासणी होत नाही. हॅरल्डने त्या काळात दुरुस्तीला गेलेल्या गाड्यांची यादी मिळवली. ती अपुरी आहे का, चुकीची आहे का, हे साइथच्या वकिलाला विचारताच आलं नसतं, कारण त्याला ती दिसलीच नसती. आज ती यादी आरोपीच्या बाजूची होती. उद्या दुसरा ज्युरर आरोपीविरुद्ध ऐकीव माहिती आणेल. घटनास्थळ पाहायचं तर सगळी ज्युरी कोर्टाच्या देखरेखीत जाते. आपल्याकडेही न्यायाधीशाला जागा पाहायची असेल तर दोन्ही बाजूंना आधी सूचना देऊन जावं लागतं आणि काय पाहिलं त्याचं टिपण ताबडतोब नोंदीला लावावं लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३१० कलमात हे स्पष्ट होतं.

प्रश्न (लॉ कॉलेज रोड): वकीलमित्राला सगळं कळलं होतं. त्याने पोलिसांना का सांगितलं नाही?

त्याला सांगता येत नव्हतं. झालेल्या गुन्ह्याबद्दल अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं वकील उघड करू शकत नाही. आपल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या (२०२३) १३२ कलमातही तेच आहे. अपवाद पुढे करायच्या गुन्ह्यासाठी मागितलेल्या सल्ल्याचा.

प्रश्न (नारायण पेठ): आपल्याकडे ज्युरी असती तर बरं झालं असतं का? नानावटी खटल्यानंतर ती बंद झाली म्हणतात.

नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ अशा मतांनी 'दोषी नाही' म्हटलं, सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पण तो शेवटचा ज्युरी खटला नव्हे. त्यानंतरही काही ठिकाणी ज्युरी चालू होती. ती पुरती गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, जी १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली.

नारायण पेठेतून हा प्रश्न यावा हे साहजिकच आहे, केसरीवाडा तिथेच. टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात नऊ जणांच्या ज्युरीपुढे चालला. सात युरोपीय, दोन पारशी. निकाल ७ विरुद्ध २, आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. टिळक मंडालेला गेले. आजच्या जॉर्जियात त्या दोघांच्या विरोधामुळे शिक्षा झालीच नसती. अमेरिकेत राज्यांच्या गंभीर खटल्यांतही दोषी ठरवायला एकमत लागतंच, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं. जस्टिनच्या एका मताला एवढं वजन होतं. म्हणून त्याचं 'दोषी'साठी मत देणं आम्हाला अपघातापेक्षा शतपटीने जड वाटतं.

प्रश्न (वारजे): रात्री ताम्हिणीतून येताना गाडीला काहीतरी धडकलं आणि कळलं नाही काय, तर नेमकं काय करायचं? कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताच्या चाचणीवरून जे रामायण झालं, त्यामुळे लोक पोलिसांकडे जायलाच घाबरतात.

थांबायचं. गाडी कडेला, धोक्याचे दिवे चालू, बॅटरी घेऊन उतरायचं. रस्ता पाहून भागत नाही. दोन्ही कडा, चर आणि कठड्यापलीकडचा उतारही पाहायचा, आणि धडकेच्या जागेपासून गाडी चालली होती त्या दिशेला बरंच पुढेपर्यंत. बंपर, जाळी, काच यांचे फोटो जवळून काढायचे, पुसायच्या आधी. मग ११२ ला फोन. माणूस जखमी असेल तर १०८. भेकर किंवा रानडुक्कर असेल तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. घाटात रेंज नसेल तर जागेची खूण लक्षात ठेवून, रेंज मिळेल तिथे पहिला फोन हाच.

मोटार वाहन कायद्याचं १३४ कलम चालकाला जखमीवर उपचार मिळवून द्यायला आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायला सांगतं. जास्तीत जास्त मुदत २४ तासांची. जमाव अंगावर येत असेल तर उपचारासाठी थांबण्यातून सूट आहे, कळवण्यातून नाही. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतचं उपकलम १ जुलै २०२४ ला संहिता लागू होताना बाजूला ठेवलं गेलं.

चाचणीला घाबरू नका, घाईने मागून घ्या. आपल्याकडे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्राम, जॉर्जियात ८०. रक्तातली दारू तासाला १०० मिलीमागे साधारण १५ ते २० मिलीग्रामने उतरते. तेव्हा दोन तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यात शून्य आलं तर ते तुमच्या बाजूने बोलतं; दुसऱ्या दिवशी दुपारचं शून्य काहीच सांगत नाही. जस्टिनकडे हाच एक कागद नव्हता.

प्रश्न (डेक्कन): शेवटी फेथ त्याच्या दारात येते, दोघं एकमेकांकडे पाहतात आणि चित्रपट संपतो. ती आता काय करू शकते?

बरंच काही. ती आता निवडून आलेली जिल्हा सरकारी वकील आहे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे तिच्या हातात आहे. जस्टिनवर कधी खटला चाललेला नाही, त्यामुळे 'एकाच गुन्ह्यासाठी दोनदा नाही' हे तत्त्व त्याला वाचवत नाही. तो मात्र तोंड न उघडण्याचा हक्क वापरू शकतो, म्हणून तिला गाडीच्या दुरुस्तीची नोंद, बारमधल्या त्याच्या हजेरीचा पुरावा आणि पायांच्या जखमांची नव्याने तपासणी, हे सगळं त्याच्याशिवाय उभं करावं लागेल.

आणि साइथ? जॉर्जियात नव्या खटल्याचा अर्ज निकालापासून ३० दिवसांत करायचा असतो. त्यानंतर नवा पुरावा मिळाला तर असाधारण अर्जाची वाट राहते, पण तो पुरावा आधी का मिळाला नाही हे पटवावं लागतं. अशा अर्जाला सरकारी पक्षच कडाडून विरोध करतो. इथे मात्र ज्या वकिलाने त्याला आत पाठवलं तीच त्या अर्जावर 'आमची हरकत नाही' अशी सही करू शकते. दारापर्यंत ती आली आहे, सही करते का ते चित्रपट सांगत नाही.