उबुंटू अपग्रेड केल्यावर जुना सी प्रोजेक्ट बिल्ड होत नाही, जीसीसी परत टाकू का?

नका टाकू. जीसीसी, म्हणजे तुमचा सी कम्पायलर, धडधाकट आहे.

तुम्ही लिहिलंय की उबुंटू २०.०४ वर हाच कोड बिनतक्रार बिल्ड व्हायचा. २४.०४ वर मात्र मेक (बिल्ड चालवणारी कमांड) दिलं की शेवटी 'एरर १' येते आणि तिच्या वर 'कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस'. यातली मेकची ओळ सोडून द्या. चालवलेली कमांड फसली, यापलीकडे ती काही सांगत नाही. वरची ओळ कामाची आहे. एलडी हा लिंकर, म्हणजे कम्पाइल झालेल्या फाइली जोडून प्रोग्राम बनवणारा. गाडी त्याच्यापर्यंत पोचली, म्हणजे कम्पाइल होऊन ऑब्जेक्ट फाइली तयार झाल्या आणि त्या जोडताना घोडं अडलं. सेमिकोलन राहिला असेल, हेडर सापडत नसेल, असल्या शंका इथेच बाद.

आता वर स्क्रोल करून एलडीची पहिली तक्रार शोधा. तिथे बहुधा 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ' आणि पुढे एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलचं नाव असणार. २०.०४ बरोबर जीसीसी ९ यायचा, २४.०४ बरोबर १३ येतो. मधल्या १० व्या आवृत्तीत, २०२० साली, एक डिफॉल्ट बदललं. तुमच्या हेडरमध्ये कुठेतरी 'इंट काउंट;' असं 'एक्स्टर्न' (व्याख्या दुसरीकडे आहे, असं सांगणारा शब्द) न लावता लिहिलेलं असेल. ते हेडर पाच सी फाइलींनी इन्क्लूड केलं की 'काउंट'च्या पाच व्याख्या होतात. जीसीसी ९ पर्यंत अशा व्याख्या 'कॉमन' म्हणून नोंदल्या जायच्या आणि लिंकर गुपचूप त्यांची एकच करून टाकायचा. १० पासून प्रत्येक व्याख्या खरी धरली जाते, मग लिंकर हात वर करतो.

घाई असेल तर जुनं वागणं '-एफकॉमन' या फ्लॅगने परत मिळतं. पण तो फ्लॅग कम्पायलरचा आहे, लिंकरचा नाही. आधीच्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहिल्या तर काही फरक पडणार नाही आणि फ्लॅग बदलल्याचं मेकला आपणहून कळत नाही. म्हणून आधी 'मेक क्लीन', मग 'मेक सीसी="जीसीसी -एफकॉमन"'. इथे सीसी म्हणजे कोणता कम्पायलर वापरायचा ते मेकला सांगणारं नाव. बरेच जण त्याऐवजी सीफ्लॅग्ज, म्हणजे कम्पायलरला द्यायच्या फ्लॅगची यादी, देतात. मेकफाइलमधल्या सीफ्लॅग्जमध्ये इन्क्लूडचे पाथ असतील तर कमांड लाइनवरची किंमत ते सगळे पुसून टाकते आणि मग हेडर सापडत नसल्याची भलतीच एरर समोर येते. मेकफाइलमध्ये सीसीऐवजी थेट 'जीसीसी' लिहिलेलं असेल, तर मात्र फाइलच बदलावी लागेल.

कायमचा इलाज म्हणजे हेडरमध्ये 'एक्स्टर्न इंट काउंट;' आणि कुठल्या तरी एकाच सी फाइलमध्ये 'इंट काउंट;'. मी हेच करा म्हणेन, कारण जुन्या पद्धतीत खरे बग लपून बसतात. दोन फाइलींमध्ये दोघांनी आपापल्या कामासाठी 'इंट फ्लॅग;' लिहिलं असेल, तर ते दोघे इतके दिवस नकळत एकच व्हेरिएबल वापरत होते. असं काही सापडलं तर तिथे 'स्टॅटिक' लावायचं, म्हणजे ते व्हेरिएबल त्या फाइलीपुरतंच राहतं. एका फाइलीत इंट आणि दुसरीत त्याच नावाचं डबल असलं, तरी प्रोग्राम लिंक व्हायचा! एरर आली हे एका अर्थी बरंच झालं.

'मल्टिपल डेफिनिशन'च्या जागी 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू' दिसलं, तर लायब्ररींचा क्रम बघा. उबुंटूचा लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि तोपर्यंत ज्या लायब्ररीची गरज पडलेली नाही ती सोडून देतो. '-एलएम' (गणिताची लायब्ररी) वगैरे ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतरच हवं. नाव 'एसटीडी::' ने सुरू होत असेल तर सी++ चा कोड जीसीसीने लिंक होतोय, तिथे जी++ वापरा.

हेडर न सापडण्याची एरर तुमची नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाची असू शकते. उबुंटूवर त्या लायब्ररीचं '-डेव्ह' ने संपणारं पॅकेज लागतं, फेडोरावर '-डेव्हेल'. कोणतं ते 'एपीटी-फाइल सर्च' सांगतं. अपवाद 'कोनिओ.एच'. ते टर्बो सी च्या डॉस जमान्यातलं आहे, जीसीसीबरोबर येत नाही. कॉलेजच्या जर्नलमधला कोड लिनक्सवर आणणारे हमखास इथे अडकतात. त्यातलं 'सीएलआरएससीआर' आणि 'गेटसीएच' काढून टाकलं की बाकीचं सहसा चालतं.

हात लावलाच आहे तर '-वॉल' हा जास्त वॉर्निंग दाखवणारा फ्लॅग देऊन एकदा पूर्ण बिल्ड करा आणि 'इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन'च्या वॉर्निंग आत्ताच निपटा. तुमच्या जीसीसी १३ मध्ये त्या वॉर्निंगच आहेत, पण २०२४ च्या जीसीसी १४ पासून त्यांची एरर झाली आहे. बहुतेक ठिकाणी नुसतं योग्य हेडर इन्क्लूड करायचं राहिलेलं असतं, 'स्ट्रिंग.एच' किंवा 'एसटीडीलिब.एच'.