बोटांनी ठोकून डॉक्टर काय बघतात?

छाती-पोट ठोकून तपासण्याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काहींची उत्तरं इथे देते.

केसपेपरवर ‘पर्कशन’ लिहिलंय. म्हणजे काय?
बोटांनी ठोकून आवाजावरून आतली स्थिती ओळखणं. शब्द लॅटिन, अर्थ आघात.

दारूच्या पिंपांवरून ही पद्धत सुचली, हे खरं का?
ही पद्धत शोधणारा डॉक्टर लिओपोल्ड आऊएनब्रुगर ऑस्ट्रियातल्या ग्राझचा, त्याच्या वडिलांची खाणावळ होती, हे खरं. तिथे पिंपं ठोकून दारू कुठवर आहे ते ओळखायचं, त्यावरून त्याला हे सुचलं, ही मात्र गोष्ट म्हणून ऐका. १७६१ साली त्याने व्हिएन्नात छोटं लॅटिन पुस्तक काढलं. निरोगी छातीचा आवाज जाड लोकरी कापड घातलेल्या ढोलासारखा येतो, असं त्यात लिहिलंय. पुस्तकाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचे डॉक्टर कॉर्व्हिसार यांनी ते फ्रेंचमध्ये आणलं, तेव्हा पद्धत रुजली.

वडिलांना पंधरा दिवस बारीक ताप आहे, उजव्या कुशीत दुखतं, दम लागतो. डॉक्टरांनी पाठ ठोकून ‘पाणी वाटतंय, एक्स-रे काढा’ सांगितलं. शेजारी म्हणतात गॅस आहे. थांबू का?
अजिबात नाही. एक्स-रे आजच काढा. डॉक्टर डावं मधलं बोट बरगड्यांच्या फटीत सपाट दाबून धरतात, उजव्या हाताच्या बोटाने मनगटातून त्यावर ठोकतात आणि दोन्ही बाजू ताडून बघतात. हवेने भरलेलं फुप्फुस घुमतं. फुप्फुसाभोवती पाणी साठलं की आवाज भद्द येतो, बोटाखाली दगड असल्यासारखं लागतं. शेजाऱ्यांनी हे केलंय का? आपल्याकडे अशा पाण्यामागे अनेकदा क्षयरोग असतो; न्यूमोनिया, हृदय, यकृत, मूत्रपिंड, कर्करोग हीही कारणं असतात. नेमकं कारण ठोकून कळत नाही, बहुतेकदा सुईने पाणी काढून तपासावं लागतं. उशीर झाला तर फुप्फुसाभोवतालचं आवरण जाड होऊन फुप्फुस आखडून बसू शकतं. गॅसच्या चूर्णात आठवडे घालवून आलेले रुग्ण बघून मला फार त्रास होतो. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेज घेतलं की डॉक्टरांकडे जायची गरज नाही ना?
आहे. रक्ताच्या चाचण्यांची यादी म्हणजे तपासणी नव्हे. पैसे भरण्याआधी विचारा, अंगाला हात लावून कोण तपासणार?

बाळाच्या पाठीवर थापट्या मारून कफ सुटतो का?
ते पर्कशन निदानाचं नव्हे, उपचाराचं. फिजिओथेरपिस्टकडून शिकल्याशिवाय करू नका. बाळाला धाप लागली असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर थापट्या मारत बसू नका, थेट दवाखाना गाठा.