शब्दचर्चा : इन, टॅव्हर्न, पब आणि आपला गुत्ता

भाषांतर करताना तुम्हाला पडलेला प्रश्न असा आहे : लंडनच्या ‘जॉर्ज इन’वरच्या इंग्रजी मजकुरात त्याच इमारतीला कुठे ‘इन’, कुठे ‘टॅव्हर्न’, तर कुठे ‘पब’ म्हटलंय. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘दारूचा गुत्ता’ चालेल का?

नाही चालणार, आणि का ते ती इमारतच सांगते. लंडन ब्रिजच्या दक्षिणेला बरो हाय स्ट्रीटवरून एका बोळवजा वाटेनं आत शिरलं की जॉर्जचं अंगण लागतं. लाकडी बांधणी, वरच्या मजल्यांना एकावर एक असे दोन लांब सज्जे, आणि पूर्वी या सज्ज्यांवर उघडणाऱ्या निजायच्या खोल्या. तळमजल्यावर प्यायची सोय. गाडी अंगणात यायची, घोडे सुटायचे, उतारू जेवून वर झोपायला जायचे. हे झालं ‘इन’. पथारी नाही तर इन नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यानं इनवाल्याला जागा असताना वाटसरूला सबळ कारणाशिवाय नकार देता येत नसे. नुसती दारू विकणाऱ्यावर ते बंधन नव्हतं. ‘टॅव्हर्न’ म्हणजे मुळात वाइन मिळण्याची जागा, त्यातल्या त्यात पैसेवाल्यांची. साध्या माणसाचं ‘एलहाउस’, तिथे बिअर. ‘पब्लिक हाउस’ ही पुढे या सगळ्यांना पोटात घेणारी सैल संज्ञा, आणि ‘पब’ हे तिचं एकोणिसाव्या शतकातलं तोकडं रूप.

आताची इमारत १६७७ची. आदल्या वर्षी या भागात, म्हणजे सदर्कमध्ये, मोठी आग लागली, त्यात जुनी जळाली. (शेक्सपिअर १६१६ सालीच वारला, त्यामुळे तो याच सज्ज्यात बसून प्यायचा असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा.) दीर्घकाळ लंडन शहरात नदीवर लंडन ब्रिज हा एकच पूल होता, आग्नेयेच्या केंट परगण्याकडची सगळी वाहतूक इथूनच, म्हणून या रस्त्यावर इनची रांगच होती. जुना इंग्रजी कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले यात्रेकरू जिथून निघतात ते ‘टॅबर्ड’ इथलंच, अगदी शेजारी. ते १८७३ च्या सुमारास पाडलं. घोडागाडीचा धंदा रेल्वेनं बुडवला, आणि गंमत म्हणजे जॉर्जही रेल्वेच्याच हाती गेलं. १८८९मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनं गोदामासाठी अंगणाच्या दोन बाजू पाडल्या. उरली ती दक्षिणेची एक बाजू, १९३७पासून जुन्या वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या ताब्यात. लंडनमध्ये सज्ज्यांचं जुनं इन आता हे एकच. आज तिथे राहायची सोय नाही, म्हणजे नाव इन आणि काम पबचं. तुमच्या मजकुरातला घोळ इथून आलाय.

आता ‘गुत्ता’. हा शब्द मुळात दारूचा नव्हेच. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. मराठवाड्यात कंत्राटदाराला अजून ‘गुत्तेदार’ म्हणतात. दारूविक्रीचा मक्ता तो दारूचा गुत्ता, आणि मग ती जागाच गुत्ता झाली. इंग्लंडातही १५५२च्या कायद्यानं एलहाउसला परवाना सक्तीचा केला, तेव्हा अर्थाच्या अंगानं गुत्ता एलहाउसच्या जवळ जातो. पण मराठीत त्याला जो हलका वास चिकटलाय तो जॉर्जला लावणं अन्याय. तिथे बायकापोरं, व्यापारी, सगळेच उतरत.

माझ्या मते जुन्या काळाबद्दल लिहिताना ‘सराई’ लिहावं. अंगण, घोडे, मुक्काम हे सगळं त्यात येतं. ‘धर्मशाळा’ नको, तिथे दारू कुठली! आजच्या जॉर्जला सरळ ‘पब’ म्हणा. टॅव्हर्नसाठी मात्र गोव्याकडे बघा. पोर्तुगीजांकडून आलेलं ‘तावेर्न’ तिथे चालतं, आणि ते नि इंग्रजी टॅव्हर्न दोन्ही लॅटिन ‘तबेर्ना’चीच लेकरं. कोकणाबाहेरच्या वाचकाला अडेल, म्हणून पहिल्यांदा ‘मद्यालय’ जोडून द्या.

आणि जाता जाता : तुमच्या मसुद्यात ‘साउथवर्क’ लिहिलंय, ते ‘सदर्क’ करा.