सीओबी तपकिरी झाला, पण तापून नव्हे

तुमचे प्रश्न दोन आहेत. बंद डब्यातला ५० वॅटचा सीओबी (एकाच पट्टीवर अनेक एलईडी चिप बसवून वर पारदर्शक रेझिनचा थर दिलेला दिवा) दोन महिन्यांत तपकिरी झाला तो उष्णतेने का? आणि दुकानदार म्हणतो ते 'हायब्रिड रेझिन'वाले मॉड्यूल ही निव्वळ जाहिरात का?

दुसऱ्याचे आधी सांगतो. जाहिरात नाही, पण नवलही नाही. तुमच्या सीओबीच्या चिपवरचा थरही बहुधा तसाच हायब्रिड आहे, सिलिकोनचा. त्याच्या रेणूचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजनचा, म्हणजे काचेच्या घराण्यातला, आणि बाजूंना मिथिल किंवा फिनाइल हे सेंद्रिय (कार्बनचे) गट; दोन्ही एकत्र, म्हणून 'हायब्रिड'. जुन्या ५ मिमी एलईडींवर इपॉक्सी, म्हणजे कडक सेंद्रिय रेझिन, असायचे. लाल-हिरव्या इंडिकेटरना ते पुरायचे. १९९३ मध्ये निचिया या जपानी कंपनीची तेजस्वी निळी एलईडी आली, १९९६ मध्ये तिच्यावर पिवळा फॉस्फर (निळा प्रकाश शोषून पिवळा देणारी भुकटी) चढवून पांढरी, आणि इपॉक्सीची दमछाक झाली. निळा प्रकाश आणि उष्णता मिळून ते पिवळे पडते. पिवळे पडले की आणखी निळा प्रकाश शोषते, आणखी तापते. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल लागतात, कार्बन-कार्बनला ३५० च्या आसपास. शिवाय सिलिकोन मऊ असल्याने दिवा तापताना-निवताना आतल्या बारीक तारांवर ताण कमी येतो.

मिथिलवाले १५० अंशांनाही पिवळे पडत नाही, पण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो त्याचे माप) १.४१. फिनाइलवाल्याचा १.५३, म्हणून चिपमधून प्रकाश जास्त बाहेर पडतो आणि वायूही कमी झिरपतात. मात्र फार तापले तर ते आधी पिवळे पडते. दोन्ही गुण एकत्र साधायला सिल्सेस्क्विऑक्सेनची, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्याच बंधांची, घट्ट जाळी वापरतात. कोरियातल्या काइस्ट या विद्यापीठाचे 'हायब्रिमर' आणि जर्मनीच्या फ्राउनहोफर या संशोधन संस्थेचे 'ऑर्मोसेर' याच जातकुळीतले.

आता तुमचा डबा. हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) हात लावता येतो, म्हणजे तो फार तापत नाही, आणि झाकण कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्हने चिकटवले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माझा संशय त्या गोंदावर. त्याची वाफ सिलिकोनमध्ये झिरपते आणि निळ्या प्रकाशाखाली तपकिरी होते. झाकण काढून सीओबी काही दिवस उघड्यावर चालवा. रंग उतरला तर कारण हेच. डाग सिलिकोनच्या तळाशी काळा असेल तर गंधकाने तिथला चांदीचा मुलामा गेला. मधोमध जळका किंवा तडकलेला असेल तर खरेच तापला. या दोन्हींत सीओबी बदलणे आले.

झाकणाला गोंद नको, सिलिकोन गॅस्केट आणि स्क्रू वापरा. साध्या काळ्या रबरात गंधक असते, ते टाळा. व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंटही नको. हवेला छोटी जाळीदार वाट ठेवलीत तर महागड्या मॉड्यूलची गरज पडणार नाही.