टोकियो–लॉस एंजेलिस : अंतर एकच, मग येता-जाता वेळ वेगळा का?

तुमचा प्रश्न असा आहे : अंतर 8,800 किमी, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे पावणेदहा तास. मग तिकिटावर जाताना दहा आणि परतताना पावणेबारा तास का? आणि नकाशात मार्ग इतका वर का चढलेला दिसतो?

आधी मार्गाचं सांगतो, ते सोपं आहे. दोन्ही शहरं साधारण 34 ते 36 अंश उत्तरेला आहेत, त्यामुळे सपाट नकाशावर आडवी सरळ रेघ जवळची वाटते. पण त्या अक्षवृत्तावरून गेलात तर जवळपास 9,300 किमी पडतात. पृथ्वीगोलावर दोन्ही ठिकाणी बोट ठेवून दोरा ताणून बघा, तो आपोआप वर सरकतो आणि मध्ये 48 अंशांच्या आसपास पोचतो. हेच बृहत्‌वृत्त, म्हणजे गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग, आणि तुमचे 8,800 किमी त्याच्यावरचे.

आता वेळ. ताशी 900 हा विमानाचा हवेतला वेग. पण ती हवाच वाहत असते! साधारण दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, आणि हिवाळ्यात जपानवर तो फार जोरात असतो. (1920च्या दशकात वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले ते जपानमध्येच. अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत लिहिल्यामुळे बाहेर फारसा कोणी वाचला नाही, याची मला अजूनही हळहळ वाटते.)

संपूर्ण प्रवासात सरासरी ताशी 100 किमीचा वारा धरा. जाताना तो पाठीशी, म्हणजे ताशी 1,000 : पावणेनऊ तासांच्या थोडं वर. परतताना समोरून, म्हणजे 800 : अकरा तास. जाताना मिळालं ते येताना गेलं, फिटंफाट, असं वाटतं, पण तसं होत नाही. दोन्ही मिळून वारा नसतानापेक्षा पाव तास जास्तच लागतो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. मी एका हिवाळ्यात सीटसमोरच्या पडद्यावर जाताना 1,150 हा आकडा पाहिला होता, परतताना कित्येक तास तो 780च्या आसपास अडकलेला. म्हणून वैमानिकही रोज एकच रेघ धरत नाहीत. पूर्वेला जाताना जेट स्ट्रीम गाठायला मार्ग वाकवतात, पश्चिमेला येताना तो टाळायला बऱ्याचदा आणखी उत्तरेकडून येतात. जास्त किमी उडून लवकर पोचणं यात नवल नाही.

शिवाय तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, चढणं-उतरणं आणि थोडी उशिराची सोय, हे सगळं त्यात येतं. तुमच्या भागाकारात अर्धा-पाऊण तास त्यासाठी मिळवा.

आणि कृपा करून तिकिटावरच्या दोन वेळा थेट वजा करू नका, त्या दोन्ही स्थानिक असतात. हिवाळ्यात टोकियो लॉस एंजेलिसच्या 17 तास पुढे असतं. संध्याकाळी 5ला निघून दहा तास उडालात तर त्याच तारखेच्या सकाळी 10ला उतरता. परतताना मात्र तारीख किमान एक दिवस पुढे जाते. पुढचं विमान किंवा हॉटेल बुक करताना सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, तेव्हा आधी तारीख तपासा.